खाडाखोड

लॅमिंग्टन रोडवर, जिन्याखालच्या सहा बाय चारात
एकतीस वर्षं मी पुढचा जमाना विकतोय.
मालाला वॉरंटी सात दिवस. जमान्याला नाही.

सत्त्याण्णव साली मॉडेम विकले.
आत मांजरं भांडल्यासारखा आवाज,
मग एकदम शांत, म्हणजे लागलं.
भाऊ म्हणाला, खूळ आहे, दिवाळीपर्यंत उतरेल.
मीही हसलो,
गिऱ्हाइकाला मात्र सांगितलं, साहेब, पुढचं सगळं यातच.
खोटं बोललो होतो. खरं निघालं.
तेव्हापासून माझा माझ्या हसण्यावर भरवसा नाही.

निहार तळपदे, खेतवाडी, आठवी गल्ली.
आला तो थेट ग्राफिक्स कार्डं मागत. एक नाही, सहा.
खेळायला?
नाही काका, खणायला.
खेतवाडीत काय खणणार?

स्टुलावर बसून त्यानं मला समजावलं.
एक वही आहे, कुणा एकाची नाही,
हजारो घरांत तीच वही, तीच पानं,
एकीत लिहिलं की सगळ्यांत उमटतं.
बँक नाही, सही नाही, शिक्का नाही.
आत्ताचं इंटरनेट म्हणजे भाड्याची खोली, काका,
फोटो आपले, भिंती कंपनीच्या.
पुढचं मालकीचं.
मधला माणूसच नाही यात.

मी मधला माणूस.
तैवानचा माल खेतवाडीला देतो,
मधल्या मधे माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट झाली.

आणि चुकून काही लिहिलं गेलं तर?
खोडता येत नाही, तो म्हणाला,
स्वतःच बांधलेल्या घराची भिंत थोपटावी तसा.
कुणालाच नाही. तेच तर.

पाच कार्डांचे पैसे दिले, सहावं उधार.
माझ्या वहीत लिहिलं: नि. तळपदे, ११,४००.
बॉलपेननं, कारण त्या दिवशी पेन्सिल सापडली नाही.

दीड वर्ष त्या खोलीत पंखे घोंगावले.
आई समोर मोजे वाळवायची, पुढं पुढं कुरडयासुद्धा.
बेस्टचा माणूस बिल घेऊन वर आला
आणि दारातूनच बघत राहिला.
मला वाटतं, त्या दिवसांत तो पोरगा सुखी होता.
पैशानं नव्हे. हजारो अनोळखी घरांत
आपण लिहिलेली एक ओळ आहे, यानं.

मग एका मंगळवारी भाव पडला.
बुधवारी, ज्या ॲपमध्ये त्यानं सगळं ठेवलं होतं
ते उघडेना.
मधला माणूस नाही, नाही म्हणता म्हणता
मधला माणूसच पळाला.

बिस्किटांच्या खोक्यातून कार्डं परत आली,
करपलेल्या दुधाचा वास, पंख्यांत आईचे केस.
पाच मी घेतली, सहावं मेलं होतं.
कल्पना चुकीची नव्हती, काका.
मी कुठं म्हटलं.
तो ऐरोलीला नोकरीला लागला. रात्रपाळी.
त्या संध्याकाळी मी ती ओळ खोडली,
पट्टी लावून, सरळ.
माझ्या वहीत एवढं एक करता येतं,
बापानंही केलेलं आहे, पान पान भरून.

मार्गशीर्षात त्याची आई आली.
पाकिटात हजार. बाकी दरमहा, म्हणाली.
मी वही उघडून दाखवली.
तिनं चष्मा लावला, ओळीखालून बोट फिरवलं.
कुणाला विचारून?
वही माझी आहे, ताई.
नाव माझ्या मुलाचं आहे.

बाहेर कुणीतरी एचडीएमआय केबलचा भाव विचारत होतं.
तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.
परत लिहा, म्हणाली.

लिहिलं. तारीख घातली. हजार जमा.
तिनं ते दोनदा वाचलं,
मोबाइल काढला, हात थोडा हलला,
पुन्हा नीट धरून फोटो घेतला.

आता ती वही दोन घरांत आहे.